दोनच सीटांची गाडी

माझी मैत्रीण नंदा, तिच्या मुलाचा, प्रसादचा लातूरहून फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होते. "मावशी, आई गेली, शिवैक्य झाली," एवढंच तो म्हणाला. शब्द कळले, पण अर्थ आत पोचायला वेळ लागला, कारण आदल्याच दिवशी तिचा आवाज मी मोबाईलवर ऐकला होता. नेहमीसारखा गाडी कडेला थांबवून बोललेला निरोप, मागं रिक्षांचे हॉर्न. "कुसमे, तुझ्याकडं यायचं म्हणते, पण यांच्या व्यायामाची बाई बदलली, सासूबाईंच्या डोळ्याचं राहिलंय... बघू." महानंदाचं कुठलंही बोलणं या "बघू"पाशी येऊन थांबायचं. प्रसादनं नंतर जे सांगितलं ते असं. सकाळी नवऱ्याला व्यायामाला न्यायचं म्हणून ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि सुनेला म्हणाली, "जरा पाणी दे गं, दम लागलाय." सून पाणी घेऊन आली तोवर ती भिंतीला टेकली होती. फाटकाच्या आत सात जणांची मोठी गाडी उभी होती, पण चालवणार कोण? प्रसाद गंजगोलाईच्या बाजारात दुकानावर गेलेला. दिवसा त्या घरात गाडी चालवणारं माणूस म्हणजे तीच. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली, दवाखानाही जवळच होता, तरी उपयोग झाला नाही. सगळ्या घराला वेळेवर दवाखान्यात पोचवणारी बाई, तिलाच न्यायला त्या वेळी घरचं कुणी नव्हतं.

दुपारपर्यंत मी लातूरला पोचले. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. मी ते पूर्वी पाहिलं होतं, पण आपल्या माणसाला तसं पाहणं निराळं. अंगणात खुर्चीवर बसवलेली, कपाळभर विभूती, गळ्यात हार... मला सारखं वाटत होतं की ही आता डोळे उघडेल, पदर खोचेल आणि विचारेल, "कुणाला कुठं सोडायचंय?"

आमची ओळख नांदेडच्या वसतिगृहातली. मी हिमायतनगरची, ती कंधारजवळच्या एका गावची. चौघींच्या खोलीत आम्ही सहाजणी राहायचो. ट्रंकांवर ट्रंका, खिडकीला वाळत घातलेले कपडे, परीक्षेच्या दिवसांत कुणाचा तरी कोपर कायम आपल्या वहीवर. मी वैतागायचे, ती नाही. ती म्हणायची, "आमच्या घरी याहून जास्त माणसं असत्यात, इथं तर मोकळंच वाटून राहिलं मला." पण रेक्टरबाईंची मोपेड उन्हात असली की ती सावलीत लावायला नंदाच पुढं व्हायची. फाटकापासून आंब्याच्या झाडापर्यंतचं अंतर ते केवढं, पण नंदाची मोपेड आधी स्वयंपाकघराच्या मागून, मग पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मग मैदानाच्या कडेनं जाऊन कधीतरी त्या झाडाखाली पोचायची. बाई वरांड्यातून बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "महानंदा, सावली शोधायला हदगावला गेली होतीस का?" नंदा खाली मान घालून हसली. पुढच्या दिवशी पुन्हा तोच वळसा.

निकाल लागला त्याच वर्षी तिचं लग्न झालं. लातूरला शिवराज दाजींचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. माणूस शांत, चांगला, कमी बोलणारा. मी नांदेडला शाळेत शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, आईवडील गेल्यावर एकटीच राहिले. नंदाला माझ्या घराचं फार कौतुक. आली की ती आधी स्वयंपाकघरात जायची आणि नुसतीच उभी राहायची. एकदा म्हणाली, "तुझ्या घरात भांडं वाजलं तर ते तूच वाजवलेलं असतंय, न्हाई का?" मी म्हटलं, "हाव, आणि ताप आला तर पाणीपण मीच आणते." ती म्हणाली, "आणीन की मी." कोण कुणाचा हेवा करत होतं, ते आम्हा दोघींनाही नीट ठाऊक नव्हतं.

दाजींना दुकानातच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडकलं. तोवर नंदानं कधी चारचाकी हातात घेतली नव्हती. प्रसादला दुकान सांभाळायचं होतं, दाजींना रोज व्यायामाला न्यायचं होतं. पन्नाशी उलटलेली नंदा ड्रायव्हिंग शिकली आणि घरानं सात जणांची मोठी गाडी घेतली. नंदा, दाजी, सासूबाई, प्रसाद, सून अश्विनी, दोन नातवंडं... बरोबर सात. एकही सीट मोकळी नाही. सुरुवातीला तिला चालवण्याचा आनंद झाला, तिनं मला फोन करून सांगितलं, "रेक्टरबाईंना कळवायला पाहिजे गं." पण थोड्याच दिवसांत गाडी म्हणजे घराचंच चाकांवरचं रूप झालं. दाजींना व्यायामाला, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडं, नातवंडांना शाळेत नि क्लासला, लग्नसराईत पाहुण्यांना स्टॅंडवर. मुलांना सोडून परत येताना तेवढी ती रिकामी असायची, तर लगेच फोन वाजायचा, "कुठपर्यंत आलीस?" ती म्हणायची, "कुसमे, लोकं म्हणत्यात नंदाकडं गाडी हाय. उलटं हाय ते. गाडीकडं नंदा हाय."

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला ती दाजींना घेऊन अधूनमधून नांदेडला यायची आणि दुपारचं जेवण माझ्याकडं व्हायचं. अशाच एका दुपारी, दाजी जेवून आत पडले होते, तेव्हा ती फाटकात उभी राहून समोर बघत होती. समोर पाटील काका राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्या मुलानं हैदराबादहून हौसेनं एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. दोन दारांची, वर कापडी छत, जमिनीला टेकल्यासारखी. मूळचा पिवळा रंग ऊन खाऊन खाऊन मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा झालेला. मुलगा नोकरीला परदेशात गेला, गाडी ताडपत्रीखाली राहिली. त्या दिवशी वाऱ्यानं ताडपत्री सरकली होती.

"कुणाची गं ही?"

"पाटील काकांच्या पोराची. विकायचं म्हणून राहिलेत, कुणी घेईना."

नंदा रस्ता ओलांडून गेली. काचेला हात लावून आत डोकावली आणि मला हाक मारली. "कुसमे, मागं सीटच न्हाईत हिला."

"दोनच आहेत. तसलीच असते ती."

"म्हणजे तिसरं माणूस बसूच शकत न्हाई?"

"कसं बसणार?"

ती तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कुणी मलापण ने म्हटलं, तर आपल्याला न्हाई म्हणावं लागत न्हाई. गाडीच न्हाई म्हणती." पाटील काका बाहेर आले. गिऱ्हाईक आलंय म्हणून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चावी आणून तिच्या हातात ठेवली. सीट एवढी खाली की साडी सावरत, एका हातानं दार धरत ती आत उतरली, बसली नाही म्हणता येणार, उतरलीच. "पाटावर बसल्यागत वाटतंय," म्हणाली. काकांनी चावी फिरवायला सांगितली. पहिल्यांदा काहीच नाही, दुसऱ्यांदा खरखर, आणि मग त्या गाडीनं असा काही घसा मोकळा केला की आमच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. नंदाचा चेहरा मी काचेतून पाहिला. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालतानाचा तो चेहरा होता.

तिथून पुढं सात-आठ महिने आमचं बोलणं म्हणजे ती गाडी. काकांनी सांगितलेली किंमत एखाद्या साध्या नव्या गाडीहूनही कमी होती, आणि नंदाकडं माहेरच्या जमिनीचा भावांनी दिलेला वाटा होता. प्रश्न पैशाचा नव्हताच. मी आमच्या ओळखीचे मिस्त्री सलीमभाई यांना गाडी दाखवली. ते खाली शिरले, वर आले, हात पुसले आणि फोनवर नंदाला म्हणाले, "भाभी, इंजन दमदार है, बाकी सब बिमार है." तापली की दुसरा गिअर पडत नाही. कापडी छत अर्ध्यावर अडकतं, पावसात गळतं. एसी नाही. समोर एक लाल दिवा कायम पेटलेला, तो कशाचा ते त्यांनाही कळलं नाही. डाव्या बाजूचं दार आतून उघडत नाही, बाहेरून कुणीतरी उघडावं लागतं. सुटे भाग मुंबईला मिळाले तर मिळाले. आणि आपल्याकडचा एकेक स्पीडब्रेकर म्हणजे हिच्या पोटावर घाव. "लेना है तो लेओ भाभी," ते शेवटी म्हणाले, "मगर मेरे कू रोज फोन नक्को करना."

मी तिला म्हटलं, "अगं, थोडे अजून घाल आणि नवी छोटी गाडी घे. गॅरंटी तरी मिळेल."

"छोट्या गाडीत पाच बसत्यात, कुसमे. आमच्या घरचे त्यात सात बसवतील."

एकदा म्हणाली, "घेते. ठरलं." दुसऱ्या दिवशी फोन, "न्हाई गं, येडेपणा हाय." तिसऱ्या दिवशी, "पण काय होईल? बिघडली तर बिघडली. उभी राहील दारात. मी जाऊन बसत जाईन." मग थोडं थांबून म्हणाली, "मी जन्मात एकटी अशी कुठं बसलेच न्हाई. न्हाणीघरात गेले तरी दारावर टकटक, आई, तेलाची बाटली कुठं हाय?" हे ती हसत सांगत होती. तिच्या घरात वाईट कुणीच नव्हतं. मारणारं, टोचून बोलणारं, छळणारं कुणी असतं तर तिला निदान भांडता तरी आलं असतं. सगळे तिच्यावर प्रेम करत होते, आणि सगळ्यांना ती लागत होती. अशा घरातून माणूस बाहेर पडणार तरी कुठल्या दारानं?

श्रावणातल्या एका सोमवारी मी लातूरला गेले होते. उपास सोडायला सगळे एकत्र बसलो असताना नंदानं विषय काढला. सासूबाईंनी आधी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन माणसाची गाडी? मग बाकीच्यांनी काय मागनं पळत यायचं का?" नातवंडं खो खो हसली. प्रसाद समजूतदार मुलगा आहे, त्यानं आईला वेड्यात काढलं नाही. "आई, गाडी खाली घासणार. पार्ट मिळत नाहीत. ते सगळं करू आपण, पण तू ती चालवणार कधी? दिवसातला कुठला वेळ?" नंदा वरणात चमचा फिरवत राहिली. तेवढ्यात दाजींनी डावा हात वर केला. ते बोलणार असले की घर थांबायचं, कारण एकेक शब्द यायला वेळ लागायचा.

"मग... मी... कुठं... बसू?"

त्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. पंगतीत उशिरा आलेला माणूस विचारतो ना आपली जागा, तसं त्यांनी विचारलं. प्रसाद म्हणाला, "बाबा, आईच्या शेजारी बसा की." पण त्या खोल सीटमधून दाजींना बाहेर काढायला दोन धडधाकट माणसं लागली असती, हे तिथं सगळ्यांना दिसत होतं. नंदा उठली, तिनं दाजींच्या हनुवटीवरचं वरण पुसलं आणि म्हणाली, "तुम्हाला टाकून कुठं जातेय मी?" विषय संपला. नंतर स्वयंपाकघरात ताटं एकावर एक ठेवताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बघितलंस? दोनातली एक तर आधीच भरली."

त्यानंतर बरेच दिवस तिनं गाडीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी फोन आला, "अजून हाय का गं ती?"

"कोण?"

"कोण काय... पिवळी."

ती होती. काका तर तिची वाटच बघत असावेत. म्हणाले, "दोन दिवस घेऊन जा, फिरवा, मग ठरवा." नंदानं घरी सांगितलं, कुसुमबरोबर माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाते. खोटं नव्हतं ते. दाजींसाठी तीन दिवस बाई ठेवली, डबे भरले, गोळ्या कोणत्या कधी ते अश्विनीला तीनतीनदा सांगितलं आणि एसटीनं एकटी नांदेडला आली. उतरल्यावर म्हणाली, "खिडकीजवळ बसले होते. शेजारच्या बाईनं तिचं लेकरू माझ्या मांडीवर दिलं, आणि मी अर्ध्या वाटेपर्यंत घेऊन बसले. बघ, माझ्या नशिबात हेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. छत अर्ध्यावर अडकलेलं, वारा कानात, पाय पुढं लांब केलेले. भोकरपर्यंत तिचा फोन वाजत राहिला. बीपीची गोळी पांढरी का गुलाबी, दूधवाल्याला किती सांगायचं, बाबा जेवत नाहीत. ती प्रत्येक वेळी गाडी कडेला घ्यायची, शांतपणे सांगायची, पुन्हा निघायची. हिमायतनगर आलं, माझ्या भावाच्या घराच्या रस्त्यावरून आम्ही न थांबता गेलो. किनवटच्या पुढं जंगल लागलं आणि फोनची रेंज गेली. तिनं एकदा मोबाईलकडं पाहिलं, तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि गाडीला वेग दिला. सागाची मोठी मोठी पानं रस्त्यावर पडलेली. ती नुसती चालवत राहिली. चांगला अर्धा तास असेल तो. तिच्या साऱ्या आयुष्यातला तेवढाच तुकडा मी असा पाहिला, जेव्हा ती कुणाचीच कुणी नव्हती.

माहूरगडाच्या घाटात गाडी तापली. दुसरा गिअर पडेना. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, आम्ही वर चढायला लागलो. मागं गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. भाविकांनी भरलेली एक जीप बाजूनं पुढं गेली आणि त्यातला एकजण ओरडला, "मावशी, ढकलू का?" नंदा स्टिअरिंगला चिकटून बसलेली, कान इंजिनाकडं. एका वळणावर जागा दिसली तिथं तिनं गाडी घेतली. पुढून वाफ येत होती. ती उतरली, कठड्यापाशी गेली आणि दरीकडं तोंड करून उभी राहिली. माझं दार आतून उघडत नव्हतं, त्यामुळं मी आतच. तिच्या पाठीकडं बघत मी बसून राहिले. पदर वाऱ्यानं उडत होता आणि ती तो सावरत नव्हती.

बऱ्याच वेळानं ती आली, बाहेरून माझं दार उघडलं आणि म्हणाली, "कुसमे, मी न्हाई घेत ही."

"का गं? चालवलीस की एवढी चांगली."

"सबंध रस्ताभर मी काय करून राहिले होते सांग? हिचा श्वास ऐकत होते. हिला दम लागला का, हिला ताप चढला का, हिला पाणी पाजावं का. घरी यांचं हेच करते मी. हिला घरी नेलं तर हीपण एक आजारी माणूस होऊन बसणार." तिनं बॉनेटवर हात ठेवला, तो भाजला म्हणून काढून घेतला. "मला अजून एक न्हाई झेपायचं."

सात-आठ महिन्यांचा निर्णय तिनं एवढ्या दोन-तीन वाक्यांत घेतला. खरं म्हणजे ती बरोबर होती, आणि बरोबर असण्याचं एवढं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

गाडी निवल्यावर आम्ही वर गेलो, पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं. तांबुलाचा प्रसाद तिनं सगळ्यांसाठी वेगवेगळा बांधून घेतला. संध्याकाळी भक्तनिवासात मी दोघींची एक खोली मागत होते, तर ती मागून म्हणाली, "दोन द्या." माझ्याकडं वळून जरा ओशाळी होऊन म्हणाली, "राग मानू नको. एकदा बघते, कसं वाटतंय." सकाळी चहाला भेटलो तेव्हा तिचे डोळे तांबारलेले होते. झोप लागली का म्हणून विचारलं. "कुठली गं. कुणी खोकतच न्हाई. कुणी कूस बदलत न्हाई. शेवटी उठून दार उघडं ठेवलं, बाहेर माणसांचा आवाज आला तेव्हा कुठं डोळा लागला." मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "इतकी वर्षं बांधून घातलेलं जनावर गं, सोडलं तरी गोठ्याकडंच बघतंय." ते तिनं हसून सांगितलं. मी हसू शकले नाही.

गाडी काकांना परत केली. थोड्या दिवसांनी हैदराबादचा कुणी व्यापारी आला आणि ती ट्रकवर घालून घेऊन गेला. मी नंदाला कळवलं. ती म्हणाली, "चालवत न्हाई नेली?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली, आणि नातवाच्या क्लासची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. त्यानंतरही ती दाजींना घेऊन येत राहिली, जेवत राहिली, पण फाटकात उभी राहून समोर बघताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. तिथं आता काकांनी कुंड्या मांडल्या आहेत.

गेल्या आठवड्यात मी लातूरला जाऊन आले. पहिल्या दिवसांची गर्दी ओसरली होती, घर आपल्या रोजच्या कामांना लागलं होतं, अडखळत का होईना. दाजी पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर होते. त्या खिडकीतून फाटक आणि गाडी लावायची जागा दिसते. मी जवळ बसले. त्यांचा डावा हात हातात घेतला. थोड्या वेळानं त्यांनीच तो सोडवून घेतला आणि बोट बाहेर दाखवलं.

"ती... बसायची."

"कुठं दाजी?"

"गाडीत. बंद... करून. एकटी."

मला काही उमगलं नाही. आतून अश्विनी आली, तिनं सांगितलं. नातवंडांना सोडून नंदा परत यायची, गाडी आत घ्यायची, बंद करायची आणि उतरायची नाही. तशीच आत बसून राहायची, काही न करता. कधी थोडा वेळ, कधी बराच. "आम्हाला कुठं ठाऊक होतं, मावशी. मला आत फाटकाचा आवाज यायचा, मी ओरडून विचारायचे, बाबा, आई आल्या का? तर बाबा म्हणायचे, नाही आली अजून. रोजच. मला वाटायचं, बाबांना आता नीट दिसत नाही. परवा त्यांनीच हळूहळू सांगितलं सगळं." अश्विनी पुन्हा आत गेली.

मी दाजींकडं पाहिलं. ज्या माणसाला एक वाक्य उच्चारायला एवढा त्रास व्हायचा, तो रोज हे एक वाक्य बोलत होता, खोटं. मी विचारलं, "नंदाला ठाऊक होतं हे?" त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

आम्ही तसेच बसून होतो. बाहेर उन्हं उतरली होती. फाटक वाजलं, गाडी आत आली. मुलांना क्लासला सोडून प्रसाद परत आला होता. हल्ली तेवढ्यासाठी तो दुकान सोडून येतो. इंजिन बंद झालं. आतून, भाकरी थापता थापता, अश्विनीनं सवयीनं विचारलं, "बाबा, आली का गाडी?"

दाजींनी खिडकीतून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही आली... अजून."

प्रसाद पायऱ्या चढून वर आला होता. तो उंबऱ्यातच थांबला.